एक किलोमीटर हवा

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक जिंकलं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. अशा नेमबाजांविषयी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं: पन्नास मीटरवर एवढा नेम, म्हणजे किलोमीटरवरचंही सहज टिपतील!

यातलं अर्धं खरं आहे. ५० मीटरच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. तोच कोन १००० मीटरवर नेला तर वर्तुळ सुमारे २१ सेंटिमीटरचं होतं, जेवणाच्या ताटाहून लहानच. म्हणजे हात आणि डोळा यांचं काम आपल्या नेमबाजांना जमलेलंच आहे. उरते ती मधली एक किलोमीटर हवा, आणि खरी अडचण तिथेच आहे.

ही हवा न्हावा शेव्याची धरू. हिशेब अर्थात कागदावरचा. बंदराच्या आसपास असला प्रयोग कोणी मनातही आणू नये. गोळी .३३८ लापुआ मॅग्नम जातीची, नळीतून सुटताना वेग सेकंदाला ८५० मीटर. किलोमीटर कापायला तिला अंदाजे दीड सेकंद लागतो.

गैरसमज: गोळी सरळ जाते, निदान सुरुवातीला तरी वर चढते.

नळी सोडल्या क्षणापासून गोळी नळीच्या रेषेच्या खाली पडू लागते. दीड सेकंदात ती नऊ-दहा मीटर, म्हणजे जवळपास तीन मजले उतरते. ती वर चढल्यासारखी वाटते, कारण दुर्बिणीच्या रेषेच्या मानाने नळीच आधी वर रोखलेली असते. हे पडणं ठरलेलं असतं, तक्त्यात मांडता येतं, म्हणून अनुभवी नेमबाज त्याला फारसा घाबरत नाही. मात्र एका काडतुसाचा वेग दुसऱ्याहून सेकंदाला पाच मीटरने कमी निघाला, तर तेवढ्यावरच गोळी साधारण १२ सेंटिमीटर खाली लागते. वर्तुळाची त्रिज्या साडेदहाच सेंटिमीटर आहे.

गैरसमज: खाडीकाठची दमट हवा जड, त्यामुळे गोळी लवकर थकते.

घामाने अंग चिकचिकलं की हवा जड वाटते खरी, पण असते ती हलकी. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. वाफ वाढली की तिने हवेतल्या जड रेणूंची जागा घेतलेली असते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर घनता त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा सुमारे सव्वा टक्क्याने कमी भरते. हा फरक किरकोळच. उंचीचा फरक मात्र मोठा: साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास तीस टक्क्यांनी विरळ असते. न्हावा शेव्यात बनवलेला तक्ता तिथे घेऊन गेलात तर गोळी वरून निघून जाईल.

गैरसमज: वारा गोळीला ढकलत नेतो.

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले आहेत, वेग सेकंदाला ४ मीटर, आणि गोळी उत्तरेकडे चालली आहे. वारा आडवा. साधा गुणाकार केला तर दीड सेकंदात ती सहा मीटर सरकायला हवी. प्रत्यक्षात सरकते जेमतेम १.३ मीटर.

कारण फिरती गोळी वाऱ्यासमोर आडवी पडून राहत नाही. ती आपलं टोक किंचित वाऱ्याकडे वळवते आणि तिला मागे ओढणारा हवेचा विरोध थोडा तिरका होतो. सरकणं ठरतं ते या विरोधाने केलेल्या उशिरावर. निर्वात पोकळीत गोळीला किलोमीटरसाठी १.१८ सेकंद लागले असते, इथे दीड लागतो, हा ०.३२ सेकंदांचा उशीर गुणिले वाऱ्याचा वेग, एवढंच गणित. लांब पल्ल्याच्या गोळ्या लांबट आणि निमुळत्या करतात त्या याचसाठी.

तरीही वाऱ्याचा अंदाज सेकंदाला एकाच मीटरने चुकला, तर गोळी ३२ सेंटिमीटर बाजूला जाते, म्हणजे त्या वर्तुळाच्या बाहेर. शिवाय किलोमीटरभर वारा कुठे सारखा असतो? कंटेनरच्या उतरंडीमागे तो दबतो, मोकळ्या जेट्टीवर उसळतो. पहाटेच्या मतलई वाऱ्यांची दिशा दुपारपर्यंत उलटलेली असते. नेमबाजाजवळचा वारा जास्त घातक, कारण सुरुवातीला फिरलेली दिशा उरलेल्या सगळ्या वाटेवर वाढत जाते. म्हणून मुरलेले लोक दुर्बिणीतून तापलेल्या जमिनीवरचं मृगजळ कोणत्या बाजूला वाहतंय ते बघत बसतात. अंतर मोजणारं लेझर यंत्र इथे काही सांगत नाही.

गैरसमज: पृथ्वी फिरते म्हणून नेम बदलणं ही सिनेमातली थाप.

थाप नाही, पण सिनेमात फुगवतात. १९ अंश अक्षांशाजवळच्या न्हावा शेव्यात पृथ्वीच्या फिरण्याने गोळी किलोमीटरला साडेतीन सेंटिमीटर उजवीकडे जाते, लंडनमध्ये साडेआठ. मजा अशी की आपल्याकडे उभा परिणाम मोठा आहे: पूर्वेकडे झाडलेली गोळी सुमारे १० सेंटिमीटर वर लागते, पश्चिमेकडची तितकीच खाली. गोळीच्या स्वतःच्या गिरकीमुळे होणारं वीसेक सेंटिमीटरचं सरकणं मात्र सिनेमावाल्यांना कधी दिसलेलं नाही.

गैरसमज: खरा स्नायपर, एक गोळी, काम तमाम.

२०१७ मध्ये इराकमध्ये कॅनडाच्या सैनिकाने ३,५४० मीटरवर नेम साधल्याची बातमी आली, तेव्हापासून हा समज आणखी घट्ट झाला. एवढ्या अंतरावर गोळीचा वेग आवाजापेक्षा कमी झालेला असतो आणि ती सीमा ओलांडताना तिचं वागणं बेभरवशाचं होतं. आपली .३३८ ची गोळीही साधारण दीड किलोमीटरवर त्या सीमेजवळ येते.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये एका चमूने सात किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरावरच्या लक्ष्यावर गोळी लावली. अटल सेतूचा पाण्यावरचा भाग साडेसोळा किलोमीटर आहे; म्हणजे शिवडीहून निघालेली ही गोळी सेतूच्या निम्म्यापर्यंतही पोचली नसती. हवेत ती वीस सेकंदांहून जास्त वेळ होती. लक्ष्यावर लागली ती ६९ वी.