पथ्याच्या ताटातला मासा

हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागते. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचे धुराडे धुमसू लागले म्हणजे ह्या भागातल्या माणसाचे वर्ष सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही. पण साखर पिकवणाऱ्या ह्याच गावांतून अलीकडे एक वाक्य फार वेळा कानावर येते, "मला शुगर निघालीया." म्हणणारा माणूस चाळिशीचा असतो, कधी पस्तिशीचाही असतो. डॉक्टरांनी त्याला सांगितलेले असते : साखर बंद, भात कमी, भाकरी मोजून, बटाटा नको. हे सारे ऐकून तो घरी येतो, ताटावर बसतो आणि विचारतो, "मग खायाचं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपले जेवण म्हणजे मुळात भात आणि भाकरी. बाकीचे सारे त्यांना लावून खायचे. तेच काढून घेतले तर ताटात उरते काय? वाचकहो, मांसाहार करणाऱ्यांपुरते ह्याचे एक उत्तर आपल्या दारावरूनच वाहत असते. ते म्हणजे मासा. पण मासा म्हटला की निम्मी माणसे बिचकतात. काटे, वास, साफसफाई, आणि 'आपल्याला जमंल का?' ही शंका. घरची कारभारीण चार दिवस माहेरी गेलेला गृहस्थ असो, की बदलीच्या गावी एका खोलीत स्टोव्ह मांडून राहणारे गुरुजी असोत, त्यांना अंडे उकडता येते. मासा मात्र ते खानावळीत खातात. खरे पाहता मटणापेक्षा मासा शिजवणे कितीतरी सोपे आहे. कसे ते पाहू.

आधी थोडा हिशेब. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्ट असते. जेवणात आपण एका वेळी दोनशे ग्रॅम भात सहज घेतो. म्हणजे ५५ ग्रॅमच्या पुढे पिष्ट झाले. पोटात गेल्यावर त्याची साखरच व्हायची. चहाचा एक चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर अकरा चमचे साखरेइतका हा ऐवज होतो. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी घेतली तर त्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. भाकरीत कोंडा असतो, त्यामुळे ती जरा सावकाश पचते. पण हिशेबातून सुटत नाही. आता शंभर ग्रॅम मासा घ्या. त्यात पिष्ट जवळजवळ शून्य, आणि प्रथिने सतरा ते वीस ग्रॅम. पोट भरते, शरीराच्या झिजेची भरपाई होते आणि रक्तात साखरेचा लोंढा येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मासा खाल्ला म्हणजे साखर उतरते, असे मुळीच नाही. मासा औषध नव्हे. तो भाताची जागा घेतो, एवढेच त्याचे काम. भाताच्या ढिगावर मासा ठेवून खाल्ला तर पथ्य झाले नाही, मेजवानी झाली! आणि आपली अडचण नेमकी इथेच आहे. कोल्हापूरकडचा रस्सा हा भात ओढणारा पदार्थ आहे. कांदा-लसूण चटणी सढळ हाताने पडली की तोंड भाजते, तोंड भाजले की भाकरी मोडली जाते, आणि उरलेल्या रश्श्यासाठी पुन्हा भात मागितला जातो. म्हणून पथ्याचा मासा बेताच्या तिखटाचा करावा. तिखट वाईट असते म्हणून नव्हे; तिखटामागून भाकरी येते म्हणून.

मासा कोणता घ्यावा? नवशिक्याने उग्र वासाचा, तेलकट मासा प्रथम घेऊ नये. बांगडा उत्तम, पण तो दुसऱ्या वर्षाचा अभ्यास समजा. नदीतला मरळ मिळाला तर सोने. त्याचे मांस घट्ट, चव सौम्य, आणि मांसात बारीक काटे नसतात. चिलापीचेही तसेच. कधीकाळी हलकी म्हणून हिणवलेली ही मासळी मूळची आफ्रिकेतली. ती भारतात १९५२ साली आणली गेली. आज ती बाजारात सहज मिळते. रोहू आणि कटला चवीला चांगले, पण त्यांच्या मांसात दुफाट्याचे बारीक काटे असतात. लहान मुलांना आणि घाईने जेवणाऱ्याला ते धोक्याचे. कोकणातून घाट चढून येणाऱ्यांत पापलेट आणि सुरमई सोपे. सुरमईचे तुकडे घेतले की मधला काटा तेवढा काढायचा.

रोहू-कटला मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले. ते आपल्या तळ्यांत आणि धरणांत आले कसे, ही गोष्ट गुरुजींनी वर्गात सांगण्यासारखी आहे. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नसत. बी हवे असेल तर पुराच्या दिवसांत नदीतून गाळून आणावे लागे, आणि त्यात भलत्याच माशांची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही ह्या संशोधकांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून ह्या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. तेव्हापासून मत्स्यबीज तयार करता येऊ लागले. आज बाजारात रोहू तोलून घेताना त्या सुईची आठवण कुणाला होत नाही, हे साहजिकच आहे.

मासा ताजा आहे की नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने ओळखावे. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, खोल गेलेला नको. कल्ला उचलून पाहिला तर आत लालभडक दिसला पाहिजे. बोटाने दाबलेली जागा लगेच वर आली पाहिजे. नदीचे पाणी बिघडले आणि मासे मरून वर तरंगू लागले, की काही लोक टोपली घेऊन धावतात. तसला मासा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

साफ करण्याचे काम विकणाराच करून देतो. त्याला खवले, कल्ले आणि पोटातली घाण काढून बोटभर जाडीचे तुकडे करायला सांगा. पोटाच्या आत काळसर पापुद्रा आणि कण्याला चिकटलेले रक्त असते, ते घरी बोटाने खरवडून काढा. मरळ बुळबुळीत असतो. त्याला मूठभर मीठ चोळून धुवावे. पूर्वी बायका चुलीतली राख वापरीत, तीही उत्तमच. तुकडे पाण्यात बुडवून मात्र ठेवू नका, चव पाण्यात जाते.

आता वासाचे पाहू. समुद्रातल्या माशाला शिळेपणी जो वास येतो, तो मेल्यानंतर जंतूंनी तयार केलेल्या एका वायुरूप द्रव्याचा असतो. हे द्रव्य क्षारधर्मी असल्याने आंबट लावले की दबते. नदी-तळ्यातल्या माशाचा वास निराळा. तो चिखलाचा वास असतो. पाण्यातले शेवाळ आणि मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरते. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा सुगंध दरवळतो ना, तो प्रामुख्याने ह्याच द्रव्याचा! शिवारात जो वास आपल्याला वेड लावतो, तोच ताटात आला की आपण नाक मुरडतो. ह्यालाही आंबट हाच उतारा आहे, कारण आंबटात ते द्रव्य मोडते. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र शिकवायला कुणी गेले नव्हते. पण माशाला चिंच, आमसूल किंवा लिंबू लावल्याशिवाय त्यांनी चुलीवर पातेले ठेवले नाही.

तर पहिली कृती, सगळ्यांत सोपी : वाफवलेला मासा. पाव किलो तुकडे घ्या. त्यांना अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून दहा मिनिटे ठेवा. जास्त वेळ ठेवू नका. लिंबाने मांस पांढरे पडते आणि पुढे शिजवल्यावर भुगा होते. एक हिरवी मिरची, चार लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर वाटून घ्या. त्यात वाटल्यास दोन चमचे ओले खोबरे घाला. हे वाटण आणि चमचाभर तेल तुकड्यांना चोळा. केळीचे पान मिळाले तर त्यात पुडी बांधा, नाही तर खोलगट ताटलीत ठेवा. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळत ठेवून आत एक वाटी पालथी घाला, तिच्यावर ताटली ठेवा आणि झाकण लावा. बोटभर जाडीच्या तुकड्याला आठ ते दहा मिनिटे पुरतात. पुडी असेल तर दोन मिनिटे अधिक. झाले!

इतक्या लवकर कसे? बकऱ्याचे सगळे वजन पायांवर असते, म्हणून त्याच्या स्नायूंना बांधणारे तंतू चिवट होतात आणि मटण तासभर रटरटावे लागते. माशाला पाणी उचलून धरते. त्याचे स्नायू आखूड असतात, आणि त्यांना जोडणारा पापुद्रा थोड्या उष्णतेनेही विरघळतो. म्हणून माशाच्या बाबतीत कच्चा राहण्यापेक्षा जास्त शिजण्याची चूकच अधिक होते. ओळखायचे कसे? कच्चा मासा काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो, शिजला की दुधासारखा पांढरा होतो. चमच्याच्या टोकाने जाड भागात टोचून पाहा. मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटले आणि काट्यापासून वेगळे झाले की उतरवा.

दुसरी रीत तव्यावरची. येथे रवा किंवा तांदळाचे पीठ लावायची आपल्याला सवय असते. दोन मोठे चमचे रवा म्हणजे पंधराएक ग्रॅम पिष्ट, शिवाय तो तेल पितो ते वेगळेच. त्याची गरज नाही. मीठ, हळद, थोडे तिखट आणि आमसुलाचे पाणी लावलेला तुकडा स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करा. तवा चांगला तापू द्या, मग तेल घाला आणि तुकडा ठेवा. आणि आता सगळ्यांत अवघड गोष्ट : त्याला हात लावू नका. नवखा माणूस दर अर्ध्या मिनिटाने उलथने खुपसतो, आणि तव्यावर माशाचा चिवडा करतो. खालची बाजू लालसर होईतो तुकडा तव्याला धरून असतो, मग आपोआप सुटतो. तीन-चार मिनिटांनी एकदाच उलटा. दुसऱ्या बाजूला थोडा कमी वेळ द्या.

कालवण हवेच असेल तर नारळाच्या दुधातले करा. दाटपणासाठी डाळे, पीठ किंवा बटाटा घालू नका. कांदा परता, आले-लसूण घाला, पातळ दूध आणि चार-पाच आमसुले घालून उकळी आणा, मग मासे सोडा. जाड दूध शेवटी घालावे आणि खळखळ उकळू देऊ नये, नाही तर ते फाटते. पळी न घालता पातेले कडेला धरून हलवा. हे कालवण वाटीत घेऊन प्यावे. शेजारी भाताऐवजी परतलेला कोबी, मेथी किंवा पोकळा, काकडी, मुळा, कांदा असे ताट भरून घ्यावे. अर्धी भाकरी घ्यायची की चतकोर, हे तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावर.

डॉक्टरांवरून आठवले. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने एकाएकी भात-भाकरी तोडू नका. औषध तेवढेच आणि अन्न कमी, अशाने साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस शुद्ध हरपू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मासा किती खावा तेही विचारून घ्या.

आता राहिले डोके आणि शेपटी. नवखा माणूस ती टाकून देतो. तसे करू नका. पाणी, मीठ, आमसूल आणि ठेचलेला लसूण घालून ती वीस मिनिटे उकळा आणि गाळून घ्या. हे पाणी कालवणाला वापरता येते, किंवा थंडीच्या रात्री मिरपूड टाकून तसेच पिता येते. गाळताना फडके दुहेरी घ्या. बारीक काटे त्यातच राहतात.