वेगवान गोळीचें मोल

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांत दारू अधिक भरली म्हणजे गोळी अधिक वेगानें जाते, ही समजूत खोटी नव्हे. पण ती अपुरी आहे. वेग दुप्पट झाला कीं गोळीची शक्ति चौपट होते. मात्र वायूंचा जो दाब गोळीला पुढें लोटतो, तोच फिरत्या नळकांड्याच्या भिंतींसही बाहेर रेटतो.

अमेरिकेंतील एल्मर कीथ हे काडतुसें स्वतः भरून प्रयोग करीत. १९२५ सालीं त्यांच्या ०.४५ इंची रिव्हॉल्व्हरचें नळकांडें फुटलें. पुढें त्यांनीं ०.४४ इंची शस्त्र पत्करलें. कारण त्याच आकाराच्या नळकांड्यांत छिद्र लहान असलें, तर भोंवतालची भिंत जाड राहते.

१९३५ सालीं स्मिथ अँड वेसन कंपनीनें ०.३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर काढलें. त्याच्या काडतुसाची पुंगळी जुन्या ०.३८ स्पेशलपेक्षां सुमारें एकअष्टमांश इंच लांब ठेवली. हेतु हा, कीं जुन्या, कमी बळकट शस्त्रांत तें काडतूस बसूंच नये. कीथ यांच्या आग्रहाचें ०.४४ मॅग्नम मात्र १९५५ सालीं आलें. मध्यें तीस वर्षें गेलीं.

आपल्याकडे खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे. काडतुसें परवान्याविना बनविणें १९५९ च्या शस्त्र कायद्यानें गुन्हा ठरतें. हा निर्बंध अनाठायीं नाहीं. दाब मोजावयास उपकरण लागतें. डोळ्यांना तो दिसत नाहीं, आणि पोलाद फुटण्यापूर्वीं इशारा देतेंच असें नाहीं.