एकिनाइट : बिस्मथचे एक दुर्मिळ खनिज

मच्छे-बेळगाव परिसरात जमीन खणली की तांबडा जांभा लागतो आणि काळा कातळ. हा कातळ म्हणजे लाव्हारस थंड होऊन बनलेला बेसाल्ट होय. शिसे व बिस्मथ यांच्या धातुशिरा अशा खडकात सहसा आढळत नाहीत. त्या बहुधा ग्रॅनाइटशी निगडित उष्ण द्रावणांपासून, क्वार्ट्झ भरलेल्या भेगांत तयार होतात. म्हणून एकिनाइटचा शोध घेणाऱ्याला रशियातील उरल पर्वताकडे वळावे लागते.

येकातेरिनबर्गजवळील बेरेझोव्हस्की येथे १७४५ मध्ये सोने सापडले. (याच खाणींतील तांबड्या शिसे-खनिजातून व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये क्रोमियम शोधून काढले.) तेथील सोनेरी क्वार्ट्झमध्ये शिशाच्या रंगाच्या बारीक सुया रुतलेल्या दिसत. जर्मन भाषेत त्यांना 'सुईधातुक' म्हणत. १८४३ मध्ये या खनिजाला लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे एक संस्थापक आर्थर एकिन यांचे नाव देण्यात आले.

एकिनाइट हे 'सल्फोसॉल्ट' वर्गातील खनिज होय. यातील 'सॉल्ट' या शब्दाने खाण्याच्या मिठाची कल्पना करू नये. शिसे, तांबे वा चांदी यांसारखा धातू, आर्सेनिक, अँटिमनी किंवा बिस्मथ यांपैकी एक आणि गंधक, अशी त्याची घडण असते. एकिनाइटमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के शिसे, तितकेच बिस्मथ, ११ टक्के तांबे व उरलेले गंधक असते. काठिण्य २ ते २.५, म्हणजे नखाने जेमतेम ओरखडा उठेल इतके. घनता मात्र पाण्याच्या सातपट. उघड्या हवेत त्यावर तपकिरी किंवा तांबूस झाक चढते.

बिस्मथिनाइटशी त्याचे जवळचे नाते आहे. बिस्मथिनाइटच्या स्फटिकात काही बिस्मथच्या जागी शिसे आले आणि मोकळ्या जागांत तांबे शिरले की क्रमाक्रमाने एकिनाइट बनते. मधल्या पायऱ्यांनाही ग्लॅडाइट, क्रुप्काइट अशी नावे आहेत. डोळ्यांना ही सर्व भावंडे सारखीच दिसतात.

अँटिमनीचे स्टिब्नाइटही याच घाटाचे व याच रंगाचे. परंपरेने सुरमा त्याचा मानला जातो. बाजारातील अनेक नमुन्यांत मात्र तपासणीअंती शिशाचे सल्फाइड आढळले आहे. करडी चकाकी पाहून भुकटी डोळ्यांत घालणे त्यामुळेच धोक्याचे. एकिनाइटची खात्री एक्स-किरणे व इलेक्ट्रॉन सूक्ष्मशलाकेने घटकांचे प्रमाण मोजल्यावरच पटते.