थायरॉईड: दुखणं ग्रंथीचं, ठपका स्वभावावर

अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांची यादी मोठी आहे. इन्सुलिन कमी पडलं किंवा शरीर त्याला दाद देईनासं झालं की मधुमेह. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलं की चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी थंडावतात. पण ज्याची गोळी घराघरांत आहे आणि तरीही ज्याच्याविषयी गैरसमज भरपूर आहेत, तो विकार थायरॉईडचा.

श्वासनलिकेला पुढून बिलगलेली ही वीसेक ग्रॅमची ग्रंथी आयोडीनपासून थायरॉक्सिन बनवते. ते रक्तात कमी झालं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच जास्त सोडते. म्हणजे थायरॉईड मंदावला की बहुधा रिपोर्टात टीएसएचचा आकडा चढतो; घरी मात्र तो वाचून ‘थायरॉईड वाढलाय’ असं म्हटलं जातं.

आहारात आयोडीनच नसेल तर ग्रंथी फुगून गलगंड होतो. हिमालयाच्या पायथ्याची जमीन धुपून आयोडीन वाहून गेलेलं, त्यामुळे तिकडे तो पिढ्यान्‌पिढ्या होता. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तीन विभाग पाडून दोन विभागांना आयोडीनचं आणि एकाला साधं मीठ पुरवलं. काही वर्षांतच आयोडीनच्या विभागांत गलगंड स्पष्ट कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला दिवसाला अवघं १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. इतक्या स्वस्तात इतकं मोठं काम आपल्या सार्वजनिक आरोग्यात क्वचितच झालं असेल. म्हणूनच ‘नैसर्गिक’ म्हणून केवळ सैंधवावर भिस्त ठेवणाऱ्या घरांची मला काळजी वाटते. पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का, एवढं तरी पाहावं.

मिठाने सगळंच सुटत नाही. १९१२ मध्ये जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी वर्णिलेल्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटते. ग्रेव्ह्‌ज विकारात तीच ग्रंथीला चेतवते: छातीत धडधड, हात कापणं, भूक असून वजन घटणं, डोळे पुढे येणं. दोन्ही विकार बायकांमध्ये कित्येक पटींनी जास्त.

ग्रंथी मंदावलेल्या बाईला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, पंख्याचा वारा सोसत नाही, केस गळतात, पाळी बिघडते, मन उदास राहतं. घरचे म्हणतात, ‘आळशी झालीस, चिडकी झालीस.’ रक्ताच्या एका साध्या तपासणीवर निभावणारी गोष्ट अशी वर्षानुवर्षं तिच्या स्वभावाच्या खात्यावर मांडली जाते, याचा मला राग येतो.

निदान झालं तरी गोळी नीट पोटात जाणं कठीणच. ती अनशापोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. पण पहाटे उठून सगळ्यांचा चहा आणि डबे उरकणारी बाई चहाबरोबरच सगळ्या गोळ्या एकदम गिळते. मग औषध पुरेसं शोषलं जात नाही, टीएसएच उतरत नाही आणि डोस वाढत जातो. ‘सवय लागेल’ म्हणून गोळी मध्येच सोडणाऱ्याही पुष्कळ. यात सवयीचा प्रश्नच नाही. ग्रंथी देत नाही तेच बाहेरून भरून काढायचं असतं. गरोदरपणात तर गरज वाढते, कारण सुरुवातीचे महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

काही बाळं जन्मतःच मंद थायरॉईड घेऊन येतात आणि पहिले काही दिवस अगदी निरोगी दिसतात. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवर हे ओळखता येतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ सहसा नेहमीसारखी होते. उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. ही तपासणी आजही अनेक प्रसूतिगृहांत सरसकट होत नाही. ती प्रत्येक बाळाची, घरी सोडण्याआधी, मोफत झाली पाहिजे.