काट्यावर न दिसणारा बदल

सामूहिक व्यायामवर्गाला दोन-तीन महिने नेमाने जाऊनही वजन कमी झाले नाही, म्हणजे वर्ग वाया गेला, हा समज इंदूरच्या झुंबा, एरोबिक्स आणि योगवर्गांना जाणाऱ्या स्त्रियांचा नाहक हिरमोड करतो. काटा सांगतो ते एकूण वजन. त्या वजनात मेद किती, स्नायू किती, हाडे आणि पाणी किती, या प्रमाणाला शरीरघटना म्हणतात, आणि मधुमेह व हृदयविकार यांचा धोका बराचसा या प्रमाणावर, त्यातही मेद शरीरात कुठे साठला आहे यावर अवलंबून असतो.

हा मुद्दा जगापुढे ठसठशीतपणे मांडणाऱ्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक अग्रभागी आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. दिसायला सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही भारतीय ठेवण स्त्रियांच्या बाबतीत आकडेवारीतही उमटते: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक होता, तर कमर आणि नितंब यांच्या घेराचे गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर असलेल्या स्त्रिया जवळपास ५७ टक्के होत्या. म्हणजे बीएमआयवरून ज्यांना स्थूल म्हणता येणार नाही, अशा असंख्य स्त्रियांच्या पोटाभोवती मेद साठलेला आहे.

वर्गात नेमके काय घडते, हे व्यायामाच्या प्रकारावर ठरते. संगीताच्या तालावर सलग चाळीस-पन्नास मिनिटे चालणाऱ्या वर्गात हृदय आणि फुप्फुसे यांची क्षमता वाढते आणि पोटातील अवयवांभोवतीचा मेद घटू लागतो. हा मेद एकूण वजन फारसे न उतरताही कमी होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. स्नायू मात्र केवळ नाचण्याने वा उड्या मारण्याने फारसे वाढत नाहीत. त्यांना भार लागतो, मग तो डंबेल्सचा असो, रबरी पट्ट्याचा असो वा स्वतःच्या शरीराचा. वजने उचलल्याने शरीर पुरुषी होईल ही भीती निराधार आहे, कारण स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांत पुरुषांच्या तुलनेत अगदी थोडे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला तो यासाठीच, आणि अनेक वर्गांत नेमका हा दुसरा भाग गाळला जातो.

इंदूरच्या मराठी घरांना भाराच्या व्यायामाची ओळख नवी नाही. मंगळागौरीच्या बसफुगडीत उकिडवे बसून एकेक पाय पुढे फेकताना सगळा भार मांड्यांवर येतो. उभ्या फुगडीत हातांची पकड, पोटऱ्या आणि पाठ एकमेकींच्या ओढीला तोलून धरतात. उणीव एवढीच की हा व्यायाम श्रावणातल्या मंगळवारांपुरता असतो, आणि स्नायू मात्र सरावात खंड पडला की घटू लागतात. मंगळागौरीच्या खेळांच्या सरावासाठी जमणारा गट श्रावणानंतरही आठवड्यातून दोनदा जमत राहिला, तर वर्गाचा जो खरा लाभ, म्हणजे न गेल्यास कुणीतरी विचारणारे असणे, तो आपोआप मिळतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास, जेव्हा स्नायू ओसरतात आणि मेद पोटाकडे सरकतो, तेव्हा तर अशा गटाची सर्वाधिक गरज असते.

आहाराकडे दुर्लक्ष करून स्नायू कमावणे साधत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. उलट इंदूरच्या न्याहारीतल्या पोह्यांत, १०० ग्रॅम कोरडे घेतले तरी, ती जेमतेम ७ ग्रॅमच्या आसपास असतात आणि सोबतची जिलेबी त्यात काही भर घालत नाही. पोहे सोडण्याची गरज नाही. त्यांत मोड आलेली मटकी किंवा सोबत वाटीभर दही असावे.

मोजमापाबद्दलही सावध राहावे लागते. पोलादी पट्टीवर अनवाणी उभे करून मेदाचा टक्का दाखवणारे यंत्र शरीरातून अतिसौम्य वीजप्रवाह सोडते. पाण्यातून तो सहज जातो आणि मेद त्याला अडवतो, म्हणून घाम गाळल्यावर किंवा तांब्याभर पाणी प्यायल्यावर तेच यंत्र वेगळा आकडा दाखवू शकते. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून झाल्यावर घेर मोजावा, आणि भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा ध्यानात ठेवावी. वजन तेच असताना ब्लाउज पोटाशी सैल होतो, तेव्हा टेपवरचा आकडाही बहुधा खाली आलेला असतो.