‘अॅडव्हान्स्ड’ व्हायची एवढी घाई कशाला?

स्कूबाचं पहिलं कार्ड हातात पडतं न पडतं तोच दुसऱ्या कोर्सची ऑफर समोर येते. घ्यायची की थांबायचं?

आठवडाभराची रजा, बॉसचं वाकडं तोंड, अंदमानचं विमान आणि समोर हॅवलॉकचं (म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप) निळंशार पाणी. चौथी डाइव्ह संपवून ओल्या केसांनी डाइव्ह सेंटरच्या बाकावर बसले होते. ओपन वॉटर कोर्स पास! चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच प्रश्न आला, ‘मग उद्या अॅडव्हान्स्ड सुरू करायचा ना? दोनच दिवस. लेखी परीक्षा नाही. लगेच केलात तर डिस्काउंट.’

डिस्काउंट म्हटल्यावर मी विचार कसला करतेय? लगेच ‘हो’ म्हणून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी २८ मीटर खोलीवर मी एकदम मजेत होते. जरा जास्तच मजेत! इन्स्ट्रक्टरने खुणेनं विचारलं, हवा किती? मी गेज पाहिला, आकडा दिसला, पण डोक्यात काही शिरलाच नाही. मी आपली बोटांनी ‘ओके’ करून मोकळी. त्याने स्वतःच माझा गेज ओढून बघितला. ५० बार. म्हणजे एव्हाना मी वर असायला हवं होतं! त्याने माझा हात धरला आणि आम्ही हळूहळू वर आलो. ५ मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला मी त्याच्या सिलिंडरमधून श्वास घेत होते.

आणि संध्याकाळी? उरलेल्या डाइव्ह झाल्या की कार्ड पक्कं, असं मला हसत हसत सांगण्यात आलं.

कार्डाचा फंडा काय?

जगभर सर्वात जास्त चालणारं नाव म्हणजे पॅडी ही १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. तिच्या ओपन वॉटर कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, अॅडव्हान्स्ड ओपन वॉटरवर ३० मीटरपर्यंत. या दुसऱ्या कोर्सात पाच डाइव्ह. त्यातल्या ‘डीप’ आणि ‘नॅव्हिगेशन’ या दोन सक्तीच्या, बाकी तीन तुमच्या आवडीच्या. दोन कोर्सांच्या मध्ये अमुक इतक्या डाइव्ह हव्यातच, अशी अट नाही. हिशोब करा: ४ अधिक ५, झाल्या ९. नऊ डाइव्ह केलेला माणूस ‘अॅडव्हान्स्ड’!

एसएसआय या दुसऱ्या मोठ्या संस्थेत याच पाच डाइव्हच्या कोर्सला ‘अॅडव्हान्स्ड अॅडव्हेंचरर’ म्हणतात. तिथं ‘अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर’ हा किताब मिळवायला चार स्पेशालिटी कोर्स आणि एकूण २४ डाइव्ह लागतात. शब्द तोच, अर्थ वेगळा. त्यामुळे कार्डावरच्या नावाला भुलू नका.

१२ मीटरनं काय बिघडतं?

बरंच काही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १८ मीटरवर तुम्ही जमिनीवरच्या २.८ पट हवा खर्च करता, ३० मीटरवर चौपट. नवखा माणूस आधीच धापा टाकत असतो, त्यात हे. पॅडीच्या तक्त्यानुसार दिवसाच्या पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं थांबता येतं, ३० मीटरवर फक्त २०. शिवाय या खोलीच्या आसपास नायट्रोजनची झिंग चढू लागते. तिला नार्कोसिस म्हणतात. माझं ‘ओके’ हे बहुधा त्या झिंगेतलंच होतं.

मग कोर्स फालतू आहे का? अजिबात नाही. उलट पहिल्यांदा एवढं खोल जायचं तर ते इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच. तो नसता तर हा लेख लिहायला मी बसले असते का, माहीत नाही. होकायंत्र धरून बोटीपर्यंत परत येणं तर प्रत्येकाला जमायलाच हवं. प्रश्न कोर्सचा नाही, टायमिंगचा आहे.

कधी करायचा, कधी थांबायचं?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हात न मारता पाण्यात एका जागी तरंगता येतं का? मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता काढता येतं का? कुणी न विचारता दर काही मिनिटांनी गेजकडे लक्ष जातं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर तेच पैसे आधी साध्या डाइव्हवर घाला. दहा-पंधरा झाल्या की पुढच्या ट्रिपला कोर्स करा. हौशी डायव्हरसाठी मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड किंवा मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी इथं १८ मीटरच्या आतच भरपूर बघायला मिळतं. फक्त पावसाळा सोडून जा. आणि हो, तारकर्लीला पर्यटक म्हणून केलेल्या एका डाइव्हचा फोटो म्हणजे सर्टिफिकेट नव्हे!

पण मालदीवच्या लाइव्हअबोर्ड बोटीचं बुकिंग करायचं असेल किंवा हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागा खुणावत असतील, तर हे कार्ड लागतंच. तेव्हा जरूर करा. आवडीच्या तीन डाइव्हमध्ये ‘बॉयन्सी’ नक्की घ्या. इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी आहेत, ते आधीच विचारा. शेवटची डाइव्ह परतीच्या विमानाच्या निदान १८ तास आधी संपेल असं बघा. दोन दिवसांत कोर्स कोंबताना नेमकं हेच गणित चुकतं.

मी उरलेल्या डाइव्ह तेव्हा केल्याच नाहीत. डिस्काउंट बुडाला. मग वर्षभरात नेत्राणी आणि गोवा मिळून १४ साध्या डाइव्ह केल्या आणि पुन्हा हॅवलॉकला जाऊन कोर्स पहिल्यापासून केला. २६ मीटरवर इन्स्ट्रक्टर माझ्याकडे वळला, तेव्हा त्यानं विचारायच्या आधीच मी गेज त्याच्यासमोर धरला होता. ११० बार.