वैज्ञानिक कार्यशाळांचे आयोजन : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
'कार्यशाळा' या संज्ञेतच कृती अभिप्रेत आहे. तथापि अनेक वैज्ञानिक कार्यशाळा उद्घाटन, बीजभाषण, व्याख्याने आणि प्रमाणपत्र-वितरण यांतच संपतात. सहभागी उपकरणाला हात न लावताच परततो. ठाणे जिल्ह्यातील या दोन ग्रामीण तालुक्यांच्या संदर्भात आयोजनातील आवश्यक बदलांचा विचार येथे केला आहे.

विषयाची निवड :
मुंबईस पाणी पुरविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत; तरीही तेथील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. विहिरीत ओतलेले हे पाणी निर्जंतुक आहे काय, हा प्रश्न आरोग्याशी थेट निगडित आहे. ओ. टी. चाचणीत नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळ्या रंगाच्या छटेवरून उर्वरित क्लोरीन मोजतात. भारतीय मानकानुसार ते प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. हे द्रावण विषारी असल्याने हाताळणीची दक्षता व नमुन्याची विल्हेवाटही शिकविणे अगत्याचे आहे. टी.सी.एल. पावडर वापरणाऱ्या जलसुरक्षकांनाही अशा कार्यशाळेत स्थान असावे.

वेळ व गटरचना :
शहापूरला आसनगाव स्थानक जवळ आहे; मुरबाड शहरात मात्र रेल्वे नाही. म्हणून सत्रांच्या वेळा लोकल व एस. टी.च्या वेळांशी जुळवाव्यात. उद्घाटन आटोपशीर ठेवून चार-पाच जणांचे गट करावेत व प्रत्येकाने चाचणी स्वतः करावी.

पाठपुरावा :
तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला व २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. त्यात शिक्षक प्रशिक्षणात स्वतः प्रयोग करीत आणि पुढे मासिक बैठकांत वर्गातील अडचणी मांडीत. प्रशिक्षणाइतकेच त्यानंतरच्या या संवादाला तेथे महत्त्व होते. आपल्याकडेही महिन्याभराने सहभागींना पुन्हा एकत्र बोलावून त्यांनी तपासलेल्या नमुन्यांच्या नोंदींवर चर्चा व्हावी.

समारोप :
उपस्थितांची संख्या व छायाचित्रे यांवरून अहवाल पूर्ण होतो, कार्यशाळेचे यश मात्र ठरत नाही. परतलेल्या शिक्षकाने आपल्या पाड्यावरील विहिरीचे पाणी तपासले काय, हाच मूल्यमापनाचा खरा निकष होय. त्यासाठी साहित्यसंच व पाठपुरावा यांची तरतूद अंदाजपत्रकातच करणे इष्ट ठरेल.